अडचणीतल्या टेक कंपनीचा शेअर घ्यावा का? पेटीएमच्या निमित्ताने वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेटीएम चालवणारी वन ९७ कम्युनिकेशन्स ही कंपनी १८ नोव्हेंबर २०२१ रोजी शेअर बाजारात आली. आयपीओचा, म्हणजे पहिल्या सार्वजनिक शेअरविक्रीचा, भाव होता २,१५० रुपये. मे २०२४ मध्ये तोच शेअर ३१० रुपयांपर्यंत खाली आला आणि डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा हजाराच्या वर गेला. एकाच शेअरमध्ये काहींची बचत गेली आणि काहींचे पैसे तिप्पट झाले. पडलेल्या शेअरबद्दल लोक जे काही विचारतात, त्यातलं बहुतेक सगळं या एका उदाहरणात सापडतं, म्हणून इथे तेच मध्यभागी ठेवलं आहे. व्होडाफोन आयडिया, सत्यम, व्हिडिओकॉन आणि इंटेल गरजेपुरते येतील. अमुक शेअर घ्या किंवा विका असं या पानावर कुठेही सांगितलेलं नाही. निर्णय कसा घ्यायचा, एवढंच आहे.

शेअर इतका पडलाय, आता अजून किती पडणार?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि सगळ्यात जास्त नुकसानही हाच करतो. पेटीएमचा शेअर पहिल्याच दिवशी २७ टक्के पडून १,५६४ च्या आसपास बंद झाला. २,१५० चा शेअर १,५६४ ला मिळतोय म्हणून अनेकांनी घेतला. वर्षभरात तो पाचशेच्या खाली गेला. तिथून सावरला, हजाराजवळ पोहोचला आणि २०२४ मध्ये ३१० वर आला.

आधीचा भाव हा लोकांनी पूर्वी किती पैसे मोजले याचा हिशेब असतो. कंपनीची आजची किंमत काय, हे त्यावरून कळत नाही. ८० टक्के पडलेला शेअर आणखी निम्मा झाला, तर तो एकूण ९० टक्के पडलेला असतो. पण ८० टक्क्यांवर घेणाऱ्याचे मात्र ५० टक्के गेलेले असतात. तेव्हा "किती पडला" हे बाजूला ठेवा आणि "कशामुळे पडला" इथून सुरुवात करा.

मग सुरुवात नेमकी कशी करायची?

आधी कंपनीला नेमकं काय झालंय, ते एका वाक्यात लिहा. एका वाक्यात लिहिता येत नसेल, तर अजून पुरेसं वाचलेलं नाही असं समजा.

अडचणी ढोबळमानाने चार प्रकारच्या असतात. धंदा वाढतोय पण पैसे जळतायत. नियामकाने हात धरला आहे. कर्ज किंवा सरकारी देणं डोईजड झालंय. किंवा हिशेबच खोटे आहेत. चौघांवरचा इलाज वेगळा आणि इलाजाला लागणारा वेळही वेगळा. पहिल्या प्रकारात खर्च आटोक्यात येतोय का, हे दर तिमाहीला दिसतं. दुसऱ्यात निर्णय कंपनीच्या हातात नसतो. तिसऱ्यात कंपनी तरते, पण जुना भागधारक बुडू शकतो. आणि चौथ्यात तुमच्यासमोरच्या एकाही आकड्यावर विश्वास ठेवता येत नाही, म्हणून बाहेरच्या माणसाने तिथे थांबलेलंच बरं.

पेटीएमला २०२१ ते २०२३ मध्ये पहिली अडचण होती आणि ३१ जानेवारी २०२४ ला दुसरी आली. त्या संध्याकाळी रिझर्व्ह बँकेने पेटीएम पेमेंट्स बँकेला नव्या ठेवी घेण्यास आणि वॉलेटमध्ये पैसे भरू देण्यास मनाई केली. मुदत आधी २९ फेब्रुवारी होती, नंतर १५ मार्चपर्यंत वाढली. या बँकेत वन ९७ चा हिस्सा ४९ टक्के आणि पेटीएमचे संस्थापक विजय शेखर शर्मा यांचा ५१ टक्के होता. बँक वेगळी कंपनी असली, तरी वॉलेट, फास्टॅग आणि यूपीआयचा पाया तीच होती.

हे आधी कळण्यासारखं होतं का?

तारीख कळण्यासारखी नव्हती, धोका मात्र उघड होता. मार्च २०२२ मध्येच रिझर्व्ह बँकेने या बँकेला नवे ग्राहक घेण्यास बंदी केली होती आणि बाहेरच्या संस्थेकडून तपासणी करून घ्यायला सांगितलं होतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये ५.३९ कोटींचा दंड झाला. दंडाची रक्कम या कंपनीसाठी किरकोळ, त्यामुळे बातमी एका दिवसात मागे पडली. पण पहिली बंदी दीड वर्षानंतरही उठलेली नसताना वर दंड होतो, तेव्हा नियामकाचं समाधान झालेलं नाही एवढं स्पष्ट होतं.

माझं मत असं की, वित्तीय परवान्यावर चालणाऱ्या कोणत्याही टेक कंपनीत नियामकाची न उठलेली बंदी ही नफ्या-तोट्याच्या आकड्यांपेक्षा मोठी बातमी असते. ॲप किती छान आहे, हा नंतरचा विषय.

स्टॉप लॉस लावला की नुकसान मर्यादित राहील ना?

नेहमीच नाही. स्टॉप लॉस म्हणजे भाव ठरावीक आकड्याखाली गेला की शेअर विकण्याची आधीच देऊन ठेवलेली सूचना. रिझर्व्ह बँकेचा आदेश बाजार बंद झाल्यावर आला. त्या दिवशीचा बंद भाव होता ७६१. दुसऱ्या दिवशी शेअर २० टक्के खाली उघडून ६०९ ला लोअर सर्किटवर, म्हणजे एका दिवसात भाव जास्तीत जास्त जेवढा पडू दिला जातो त्या मर्यादेवर, अडकला. त्याच्या पुढच्या दिवशी आणखी २० टक्के, ४८७. नंतर बाजाराने मर्यादा १० टक्क्यांवर आणली आणि शेअर तिसऱ्यांदा लोअर सर्किटला लागला. ७०० चा स्टॉप लॉस लावून ठेवलेल्या माणसाची विक्रीची ऑर्डर सिस्टीममध्ये गेली, पण समोर घेणाराच नव्हता.

सर्किट लागलेल्या शेअरमध्ये बाहेर पडण्याचं दार बंद असतं. म्हणून अशा शेअरमधली जोखीम विकताना ठरवता येत नाही, ती घेतानाच ठरवावी लागते: किती रक्कम घालायची, या एकाच मार्गाने.

कंपनी तरेल की नाही, हे साध्या माणसाला कसं कळणार?

इथे थोडा वेळ द्या, कारण हाच भाग खरा उपयोगाचा आहे आणि त्याला गणित चौथीचं लागतं.

दोन आकडे शोधा. कंपनीकडे स्वतःची रोकड किती, आणि दर तिमाहीला त्यातली किती जाते. ग्राहकांचे किंवा दुकानदारांचे पैसे कंपनीच्या ताब्यात दिसत असतील, तर ते वगळा. ते तिचे नाहीत. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागलं की कंपनी किती तिमाही तग धरेल ते कळतं. मग पुढच्या दोन-तीन वर्षांत कोणतं कर्ज किंवा देणं फेडायचं आहे, ते बघा.

पेटीएमचं हे गणित करून पाहू. जून २०२४ च्या तिमाहीत कंपनीला सुमारे ८४० कोटींचा तोटा झाला. बंदीचा पूर्ण फटका बसलेली ती पहिली तिमाही. त्याच वेळी कंपनीकडे आठ हजार कोटींहून जास्त रोकड होती आणि डोक्यावर मोठं कर्ज नव्हतं. म्हणजे काहीही सुधारलं नाही, तरी दोन वर्षांहून जास्त काळ निघण्यासारखा होता. पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये सिनेमा आणि कार्यक्रमांच्या तिकिटांचा धंदा झोमॅटोला २,०४८ कोटींना विकला. डिसेंबरमध्ये जपानच्या पेपे कंपनीतले हक्क विकून आणखी दोन हजार कोटींच्या वर रक्कम आली. विकता येण्यासारखं काहीतरी जवळ असणं, हीसुद्धा तग धरण्याची ताकदच.

शेअर ३१० वर होता तेव्हा टीव्हीवर रोज त्याच्या भावावर चर्चा चालली होती. रोकड मात्र तिमाही निकालांसोबतच्या सादरीकरणात स्पष्ट लिहिलेली होती. बीएसईच्या वेबसाइटवर कंपनीचं नाव टाकलं की ही कागदपत्रं फुकट मिळतात. एक तास बसून वाचा. इंग्रजी जड जात असेल तर घरातल्या कॉलेजच्या मुलामुलींना शेजारी बसवा. त्यांनाही शिकायला मिळेल.

शेअर फक्त ७-८ रुपयांचा आहे. दहा हजार शेअर घेऊन ठेवू का?

हा प्रश्न बहुतेक वेळा व्होडाफोन आयडियाबद्दल असतो. ७ रुपये ही कंपनीची किंमत नाही, तिच्या एका तुकड्याची आहे. तुकडे किती, ते आधी बघा.

२४ ऑक्टोबर २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने एजीआरचा, म्हणजे दूरसंचार कंपन्यांच्या ज्या महसुलावर सरकारचं देणं ठरतं त्याचा, निकाल दिला, आणि त्यामुळे सप्टेंबर २०१९ च्या एका तिमाहीत कंपनीने सुमारे ५०,९०० कोटींचा तोटा दाखवला. सरकारचं देणं फेडणं शक्य नव्हतं, म्हणून त्यातला काही भाग शेअरमध्ये बदलला गेला: फेब्रुवारी २०२३ मध्ये १६,१३३ कोटी आणि २०२५ मध्ये ३६,९५० कोटी, दोन्ही वेळा १० रुपये दराने. मध्ये एप्रिल २०२४ मध्ये ११ रुपयांनी १८,००० कोटींचा एफपीओ, म्हणजे नव्या शेअरची पुन्हा सार्वजनिक विक्री, झाला. सरकारचा हिस्सा ४९ टक्क्यांजवळ पोहोचला. २०२३ च्या सुरुवातीला कंपनीच्या शेअरची संख्या सव्वातीन हजार कोटींच्या आसपास होती. २०२५ मध्ये ती दहा हजार आठशे कोटींच्या वर गेली.

म्हणजे २०२२ पासून शेअर सांभाळून बसलेल्या माणसाचा कंपनीतला वाटा, त्याने एकही शेअर न विकता, एक तृतीयांशाच्याही खाली आला. कंपनी वाचली, कोट्यवधी ग्राहकांच्या आणि बाजारातल्या स्पर्धेच्या दृष्टीने ते चांगलंच झालं. जुन्या भागधारकाने मात्र त्याची किंमत मोजली. कंपनी वाचणं आणि तुमचे पैसे वाचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यापेक्षा स्पष्ट दाखवणारं उदाहरण भारतात दुसरं नसेल.

ॲव्हरेज करू का, म्हणजे पडत्या भावाला तोच शेअर आणखी घेऊन सरासरी खाली आणू का?

गणित पाहा. समजा एखाद्याने पेटीएमचे दहा-दहा शेअर २,१५०, १,५६०, ८०० आणि ४५० ला घेतले. सरासरी येते १,२४०. शेअर हजारावर परत आला तरी तो तोट्यातच. प्रत्येक वेळी शेअरची संख्या सारखी न ठेवता रक्कम सारखी घातली असती, तर सरासरी ८७४ च्या आसपास आली असती. फरक मोठा आहे आणि बरेच जण तो लक्षात घेत नाहीत.

पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे, दोन्ही पद्धतींत एका अडचणीतल्या कंपनीत चार वेळा पैसे घातले गेले. ॲव्हरेज करण्यापूर्वी स्वतःला विचारा: माझ्याकडे हा शेअर नसताच, तर आजच्या भावाला मी नव्याने घेतला असता का? उत्तर "नाही" असेल तर ॲव्हरेज करू नका. आधीचा तोटा डोळ्यांना कमी दिसावा म्हणून नवे पैसे घालणं हे गुंतवणुकीचं कारण होऊ शकत नाही.

तळाला घेता आला नाही, तर मग काय फायदा?

भरपूर फायदा असतो. अडचणीतल्या कंपनीत उशिरा शिरणं बहुतेक वेळा शहाणपणाचं, असं मी ठामपणे मानतो.

पेटीएमची अडचण परवान्याची होती, म्हणजे सुटकेची खूणही तिथेच दिसणार होती. पहिली खूण १४ मार्च २०२४ ला आली: यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेने ॲक्सिस, एचडीएफसी, स्टेट बँक आणि येस बँकेच्या आधाराने यूपीआय चालू ठेवायला परवानगी दिली. दुसरी, आणि माझ्या मते जास्त मोठी, ऑक्टोबर २०२४ मध्ये: नवे यूपीआय ग्राहक घेण्याची मुभा. तेव्हा शेअर सातशेच्या आसपास होता. तळापेक्षा दुपटीहून महाग. तरीही त्या दिवशी घेणाऱ्याला, मे महिन्यात घेणाऱ्याकडे नसलेली एक गोष्ट मिळाली: मूळ प्रश्नाचं उत्तर. आणि दोन महिन्यांत भाव हजारावर गेला.

३१० ला घेणाऱ्याचा फायदा जास्त झाला, यात वाद नाही. पण ३१० हा तळ आहे, हे त्या दिवशी कुणालाही माहीत नव्हतं. मे २०२४ मध्ये, रिझर्व्ह बँक पुढचं पाऊल मूळ कंपनीवर टाकेल का, दुकानदार दुसऱ्याचा क्यूआर लावतील का, हे दोन्ही प्रश्न उघडेच होते.

मी रोज हे ॲप वापरतो, सगळीकडे त्याचा साउंडबॉक्स दिसतो. मग कंपनी चांगलीच असणार ना?

भाजीवाल्याच्या गाडीवर साउंडबॉक्स दिसणं म्हणजे पसारा मोठा असणं. त्यातून पैसे किती सुटतात, हे वेगळं. यूपीआयवरच्या सामान्य व्यवहारावर दुकानदाराकडून शुल्क घेता येत नाही; कमाई साउंडबॉक्सचं भाडं, कर्जवाटपातलं कमिशन, कार्डाचे व्यवहार अशा गोष्टींतून होते. उत्पादन आवडतं तेवढ्यावर शेअर घेऊ नका. त्यातून कंपनीला पैसे कोण देतो आणि कशाचे, हे सांगता आलं पाहिजे.

कंपनी पहिल्यांदा नफ्यात आली. आता घ्यायला हरकत नाही ना?

नफा कुठून आला ते बघा. सप्टेंबर २०२४ च्या तिमाहीत पेटीएमने ९३० कोटींचा नफा दाखवला. त्यात तिकिटांचा धंदा विकल्याचे १,३४५ कोटी होते. ते काढले तर तोटाच. जून २०२५ च्या तिमाहीत १२२.५ कोटींचा नफा झाला, आणि तो काही विकून आलेला नव्हता. धंद्यातून येणारा परिचालन नफाही ७२ कोटींचा होता. उरलेल्यात जवळच्या रोकडीवरच्या व्याजाचा मोठा वाटा. पहिला नफा आणि दुसरा नफा यांची बातमी वर्तमानपत्रात सारख्याच टायपात छापली जाते. निकालाच्या तक्त्यात "अपवादात्मक बाबी" आणि "इतर उत्पन्न" या दोन ओळी वाचल्या की फरक दिसतो.

वॉरन बफे यांनी घेतला होता म्हणे?

त्यांच्या बर्कशायर हॅथवेने २०१८ मध्ये, कंपनी बाजारात येण्याआधी, हिस्सा घेतला होता. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुमारे ८७७ रुपयांनी उरलेला सगळा विकला, तोटा सोसून. त्यांच्या प्रचंड पसाऱ्यात ही रक्कम चिमूटभर होती. तुमची ती मुलीच्या शिक्षणाची असू शकते. मोठ्यांची नावं भागधारकांच्या यादीत बघायची असतील तर बघा, पण ती खरेदीचं कारण म्हणून धरू नका.

ब्रोकरेजचं टार्गेट?

लिस्टिंगच्या दिवशी मॅक्वायरी या ब्रोकरेज कंपनीने १,२०० चं टार्गेट, म्हणजे भाव कुठे जाईल याचा अंदाज, दिलं, तेव्हा अनेकांना ते अतिरेकी वाटलं, पण बरोबर ठरलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांनीच २७५ सांगितलं. तिथपर्यंत शेअर गेला नाही. अहवालातला आकडा सोडा, त्यामागची कारणं वाचा.

हिशेबात घोळ निघाला तरी सत्यममध्ये लोकांनी कमावलंच ना?

काहींनी कमावलं. ७ जानेवारी २००९ ला सत्यम या आयटी कंपनीचे संस्थापक रामलिंग राजू यांनी कबुली दिली की पुस्तकात दाखवलेली ५,०४० कोटींची रोकड अस्तित्वातच नाही. १७९ चा शेअर त्याच दिवशी ४० च्या खाली बंद झाला आणि ९ तारखेला ६.३० पर्यंत गेला. सरकारने काही दिवसांतच जुनं संचालक मंडळ हटवून दीपक पारेख, किरण कर्णिक यांच्यासारखी माणसं बसवली. एप्रिलमध्ये टेक महिंद्राने ५८ रुपये दराने हिस्सा घेतला, आणि २०१३ मध्ये सत्यमच्या १७ शेअरमागे टेक महिंद्राचे २ देऊन विलीनीकरण झालं. पुण्यातल्या अनेक घरांना ही कथा ओळखीची आहे.

पण ती का घडली, हे विसरू नका. आकडे खोटे असले तरी हजारो अभियंते खरे होते, परदेशी ग्राहक खरे होते, आणि सरकारने विजेच्या वेगाने हालचाल केली. हे तिन्ही एकत्र येणं दुर्मीळ. धोक्याच्या खुणाही आधीच दिसत होत्या: डिसेंबर २००८ मध्ये घरच्याच मेटास कंपन्या विकत घेण्याचा प्रस्ताव, आणि प्रवर्तकांचे गहाण पडलेले शेअर. गहाण शेअरचा आकडा दर तिमाहीच्या भागधारकांच्या तपशिलात असतो. तो वाढत असेल तर लांब राहा.

कंपनी दिवाळखोरी न्यायालयात गेली, पण शेअरला रोज अप्पर सर्किट लागतंय. घेऊ का?

नका. दिवाळखोरी कायद्यात पैसे वाटायचा क्रम ठरलेला आहे: प्रक्रियेचा खर्च, कामगार आणि तारण असलेल्या बँका, मग कंपनीकडून पैसे येणं असलेले इतर, आणि सगळ्यात शेवटी सामान्य भागधारक. छत्रपती संभाजीनगरमध्ये वाढलेल्या व्हिडिओकॉनचं उदाहरण घ्या. दावे ६४ हजार कोटींच्या वर आणि २०२१ मध्ये मंजूर झालेली बोली तीन हजार कोटींच्याही आत. बँकांनाच रुपयाला पाच पैसेही मिळत नव्हते. भागधारकांना त्या योजनेत शून्य होतं. पुढे अपिलात ती मंजुरी रद्द झाली, पण त्यातून भागधारकाच्या हाती काही आलं असं नाही. ज्या घरात दिवाणखान्यात पहिला रंगीत टीव्ही याच कंपनीचा होता, त्या घरात शेअरही होते, म्हणून हे लिहिताना वाईट वाटतं.

मी त्याच कंपनीत नोकरी करतो. ईएसओपी, म्हणजे कंपनीने कर्मचारी म्हणून दिलेले शेअर, ठेवू की विकू?

हिंजवडीपासून अमेरिकेतल्या मराठी मंडळींपर्यंत हा प्रश्न सारखाच आहे. १ ऑगस्ट २०२४ ला इंटेल या अमेरिकी चिप कंपनीने एकाच दिवशी सुमारे १५ टक्के कर्मचारी कमी करण्याची आणि लाभांश थांबवण्याची घोषणा केली, आणि दुसऱ्या दिवशी शेअर २६ टक्के पडला. तिथे काम करणाऱ्या आणि बचतही त्याच शेअरमध्ये ठेवणाऱ्याचा पगार, लाभांश आणि पुंजी असे तिन्ही आधार चोवीस तासांत डळमळले. पुढच्या वर्षी अमेरिकी सरकारने आणि एनव्हिडियाने पैसे घातले, हे खरं. पण नोकरी गेलेल्याला तोवर थांबणं जमेलच असं नाही. पगार जिथून येतो, तिथेच मोठी बचत ठेवू नका. शेअर हातात आले की ठरावीक भाग विकत राहा.

तोटा बुक केला तर करात काही मिळतं का?

मिळतं. अल्पकालीन तोटा दोन्ही प्रकारच्या भांडवली नफ्यातून वजा होतो, दीर्घकालीन तोटा फक्त दीर्घकालीन नफ्यातून. उरलेला आठ वर्षं पुढे नेता येतो, पण विवरणपत्र मुदतीत भरलेलं हवं. ज्या शेअरचे व्यवहारच बंद झाले आहेत, तो विकता येत नसल्याने त्याचा तोटा दाखवणं अवघड होतं. आशा संपलेला शेअर व्यवहार चालू असतानाच काढण्याचं हेही एक कारण.

किती पैसे घालावेत?

पूर्ण बुडाले तर घरातल्या कोणाचीही योजना बदलावी लागणार नाही, एवढेच. माझ्या मते सगळे अडचणीतले शेअर मिळून एकूण गुंतवणुकीच्या ५ टक्क्यांच्या आत. कर्ज काढून, सोनं गहाण ठेवून, एसआयपी थांबवून कधीच नाही.

आणि विकायचं कधी?

घेताना कागदावर दोन ओळी लिहा: कशामुळे घेतला, आणि काय घडलं तर विकेन. उदाहरणार्थ, "रोकड पाच तिमाहींच्या खाली गेली तर", "नियामकाने नवी बंदी घातली तर", "नवे शेअर काढून माझा वाटा चौथ्या भागाने कमी केला तर". तारीख टाका. दर तिमाही निकालानंतर तो कागद काढून बघा, भाव बघण्याच्या आधी. घरात नवरा-बायको दोघांनी मिळून लिहिलात तर आणखी चांगलं, कारण विकायची वेळ येते तेव्हा एकाने तरी आठवण करून द्यावी लागते.